भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस कसा पारखतात

सप्टेंबर उजाडला की अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांमध्ये प्राध्यापक भरतीचा हंगाम सुरू होतो. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र विभागांच्या बहुतेक जाहिराती ठरलेल्या वळणाच्या असतात. बाह्यग्रहांवर, कृष्णविवरांवर किंवा क्वांटम पदार्थांवर काम करणारा संशोधक हवा, स्वतःचा गट उभारणारा हवा, अनुदान खेचून आणणारा हवा. शिकवण्याचा उल्लेख असतो, पण शेवटाकडे कुठेतरी, असायला हवा म्हणून.

या गर्दीत आता एक निराळी जाहिरात नेमाने दिसते. पीएच.डी. तिच्यातही लागते, मात्र शोधनिबंध किती हे कोणी विचारत नाही. त्याऐवजी तुम्ही काय शिकवलंत, कसं शिकवलंत आणि त्यातून विद्यार्थी शिकले हे कशावरून, याचा पुरावा मागितलेला असतो. पद तात्पुरतं नसतं, ठरावीक वर्षांनी मूल्यमापन होऊन ते कायम होतं. टोरोंटो विद्यापीठात याला 'असिस्टंट प्रोफेसर, टीचिंग स्ट्रीम' म्हणतात. याच लोकांना तिथे 2015च्या आसपासपर्यंत नुसतं 'लेक्चरर' म्हणत. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे यूबीसीत, नाव आहे 'असिस्टंट प्रोफेसर ऑफ टीचिंग'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कागदोपत्री अजून 'लेक्चरर विथ सिक्युरिटी ऑफ एम्प्लॉयमेंट' असं लांबलचक नाव असलं, तरी दारावरच्या पाटीवर आता 'टीचिंग प्रोफेसर' लिहिलेलं असतं.

प्राध्यापकाने शिकवायचंच असतं, मग त्यासाठी वेगळं पद कशाला, असं आपल्याकडच्या वाचकाला वाटेल. पण संशोधनावर चालणाऱ्या मोठ्या विद्यापीठांत प्राध्यापकाचं वजन निबंध आणि अनुदान यांवर ठरतं. शिकवण्याचा बराचसा भार वाहतात ते कंत्राटी लेक्चरर. अमेरिकेत उच्च शिक्षणातले निम्म्याहून अधिक अध्यापक कायम नाहीत आणि कायम होण्याच्या वाटेवरही नाहीत. महाराष्ट्रात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. टीचिंग स्ट्रीमचं पद या दोन्हींच्या मधलं आहे. काम शिकवण्याचं, तासांचा बोजा संशोधक सहकाऱ्याच्या साधारण दुप्पट, पण पगार, बढती आणि नोकरीची शाश्वती प्राध्यापकाची.

अशा पदाची गरज भौतिकशास्त्राला विशेष तीव्रतेने भासली, कारण या विभागात शिकणारे बहुतेक विद्यार्थी त्या विभागाचे नसतातच. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राला अभियांत्रिकीची, जीवशास्त्राची, वैद्यकीयकडे निघालेली मुलं शेकड्यांनी येतात. खगोलशास्त्राची गंमत आणखी वेगळी. 'अ‍ॅस्ट्रो 101' नावाने ओळखला जाणारा प्राथमिक अभ्यासक्रम अमेरिकेत वर्षाला सुमारे अडीच लाख विद्यार्थी घेतात, असा अंदाज बरीच वर्षं दिला जातो. इतिहास, व्यवस्थापन, नाटक असे विषय घेतलेली ही मुलं पदवीपुरता एक विज्ञान विषय हवा म्हणून येऊन बसतात. त्यांतल्या बहुतेकांच्या आयुष्यातला हा विज्ञानाचा शेवटचा वर्ग. पुढे हीच मंडळी मतदार होतात, पत्रकार होतात, शाळेत शिक्षक होतात. असा वर्ग कुणाच्या हाती द्यायचा हा प्रश्न विभागाला टाळता येत नाही.

पूर्वी उत्तर सोपं होतं. जो रंगवून बोलतो, ज्याच्या तासाला मुलं हसतात, त्याच्या हाती द्यायचा. या समजाला पहिला मोठा तडा भौतिकशास्त्रातूनच गेला. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी 1992मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड नाही, सूत्र नाही, साध्या भाषेतले बहुपर्यायी प्रश्न आहेत. मोठा ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळली तर कोण कुणावर जास्त बल लावतं, अशा जातीचे. न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थी बिनदिक्कत 'ट्रक' म्हणतो. बल दोन्हींवर सारखंच असतं, मोटारीचा चेंदामेंदा होतो तो तिचं वस्तुमान कमी म्हणून आणि त्यामुळे त्वरण जास्त म्हणून. हे त्याने परीक्षेत लिहिलेलंही असतं, पण डोळ्यांपुढे टक्कर आली की नियम विसरतो.

हार्वर्डच्या एरिक मेझर यांना वाटत होतं की आपल्या विद्यार्थ्यांचं असं होणार नाही. त्यांना मूल्यमापनात भरपूर गुण मिळत, अवघड गणितं मुलं सोडवत. अशाच चाचणीला त्यांनी वर्ग बसवला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहायची की मला खरं वाटतं त्याप्रमाणे. निकाल निराशाजनक लागला. मेझर यांनी व्याख्यान जवळजवळ सोडून दिलं आणि प्रश्न विचारून मुलांना आपापसांत वाद घालायला लावण्याची 'पीअर इन्स्ट्रक्शन' पद्धत घडवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1997चं. पुढच्याच वर्षी इंडियाना विद्यापीठाच्या रिचर्ड हेक यांनी 62 अभ्यासक्रमांतल्या 6542 विद्यार्थ्यांचे आकडे मांडले. सत्राच्या सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं शेवटी किती आलं, हे त्यांनी मोजलं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी 23 टक्के, मुलांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत 48 टक्के. व्याख्यान देणारे काही सगळेच रटाळ नव्हते, पण वक्तृत्वाने या आकड्याला फारसा फरक पडत नव्हता.

निवड समित्यांनी भिंतीवर लावावा असा प्रयोग मात्र यूबीसीचा आहे. 2001चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन 2007मध्ये तिथे विज्ञान शिक्षणाचा मोठा उपक्रम चालवायला गेले. (इंटरनेटवर फुकट मिळणारी फेट ही सिम्युलेशनं त्यांचीच, 2002मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेली. आता ती मराठीतही आहेत आणि आपल्या शाळांनी ती जरूर वापरावीत.) यूबीसीत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या दोन तुकड्या निवडल्या, प्रत्येकी अडीचशेहून अधिक मुलांच्या. दोन्हींना अनुभवी, मुलांमध्ये लोकप्रिय प्राध्यापक होते. सत्राच्या बाराव्या आठवड्यात एका तुकडीचे प्राध्यापक तेच ठेवले. दुसरीत लुई डेस्लोरिए या पोस्टडॉकने, म्हणजे पीएच.डी.नंतर तात्पुरतं काम करणाऱ्या संशोधकाने, एलन शेल्यू या विद्यार्थिनीच्या मदतीने तीन तास घेतले. विषय विद्युतचुंबकीय लहरींचा. डेस्लोरिए यांच्या वर्गात मुलं आधी वाचून येत, तासभर प्रश्नांवर मतं देत, शेजाऱ्याशी भांडत, कागदावर सोडवत. नंतरच्या चाचणीत लोकप्रिय प्राध्यापकांच्या तुकडीची सरासरी 41 टक्के आली, पोस्टडॉकच्या तुकडीची 74. हा निबंध 2011मध्ये 'सायन्स'मध्ये आला.

आता तुम्ही निवड समितीवर आहात असं समजा. समोर दोन अर्ज आहेत, एक त्या लोकप्रिय प्राध्यापकांचा आणि एक त्या पोस्टडॉकचा. नुसत्या मुलाखतीवर गेलात तर पहिला माणूस निवडाल आणि चुकाल.

मग पारखायचं काय? स्टॅनफर्डचे ली शुलमन यांनी 1986मध्ये याला एक अवजड नाव दिलं, ते इथे सोडून देऊ. मुद्दा असा की विषय येणं हे एक ज्ञान, वर्ग सांभाळता येणं हे दुसरं, आणि या विषयात शिकणारा नेमका कुठे आणि का अडतो हे ठाऊक असणं हे तिसरं. हे तिसरं ज्ञान पीएच.डी.सोबत आपोआप येत नाही. उलट विषयात जितकं मुरावं तितकं आपण स्वतः कुठे अडलो होतो ते विसरायला होतं. टीचिंग स्ट्रीमच्या भरतीची सगळी यंत्रणा, बरी चालते तेव्हा, या तिसऱ्या ज्ञानाचा शोध घेत असते.

सुरुवात कागदांपासून होते. अर्जाचं पत्र, माहितीपत्रक, तीन शिफारसपत्रं आणि 'टीचिंग डोसिए' नावाची अध्यापनाची फाईल. फाईलमध्ये शिकवण्याविषयीची भूमिका, अभ्यासक्रमाचे आराखडे, प्रश्नपत्रिका, गृहपाठ, प्रयोगांची टिपणं, विद्यार्थ्यांचे अभिप्राय. भूमिकेचं पान हा या फाईलचा सर्वांत कंटाळवाणा भाग. शंभर अर्ज आले तर शंभरांत 'माझा वर्ग विद्यार्थिकेंद्रित असतो' हे वाक्य सापडतं. जाणता वाचक ते ओलांडून प्रश्नपत्रिकेकडे जातो. प्रश्नपत्रिका थापा मारत नाही. भूमिकेत 'संकल्पनात्मक आकलन' आणि पेपरात चार सूत्रांत आकडे घालायची चार गणितं, असं दिसलं की अर्ज बाजूला पडतो. याउलट एखाद्याने एकच प्रश्न दोन वर्षांत कसा बदलला आणि का, हे अर्ध्या पानात लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी साठ टक्के मुलांनी अमुक चुकीचा पर्याय निवडला, त्यावरून कळलं की त्यांना वेग आणि त्वरण एकच वाटतंय, म्हणून दुसऱ्या वर्षी आलेख वाचण्याचा एक तास आधी घातला, असं काहीतरी. समितीला हवा असतो तो हा कागद.

शिफारसपत्रांतही असाच घोळ. पीएच.डी.च्या मार्गदर्शकाने दीड पान संशोधनाची स्तुती करावी आणि शेवटी 'तो शिकवतोही चांगला' असं म्हणावं, हे पत्र इथे जवळपास निरुपयोगी. लिहिणाऱ्याने उमेदवाराचा तास स्वतः बसून पाहिलेला आहे की नाही, हे पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळतंच.

पीएच.डी. कशातली, यावर विभागांत अजून कुजबुज चालते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमट यांनी भौतिकशास्त्र शिक्षणाचं संशोधन भौतिकशास्त्र विभागातच रुजवलं. विद्यार्थी कसे चुकतात या विषयावर तिथे भौतिकशास्त्राचीच डॉक्टरेट मिळते. त्यामुळे आज एका जागेसाठी तारकांच्या वर्णपटांवर काम केलेला आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर काम केलेली, असे दोन्ही प्रकारचे उमेदवार येतात. विभागातल्या एखाद्या ज्येष्ठाला दुसरी 'खरी' भौतिकशास्त्रज्ञ वाटत नाही. हा पूर्वग्रह आहे आणि तो मुरलेला आहे.

यादी दहा-बारांवर आली की व्हिडिओवर मुलाखत. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुण कशाला किती हे अर्ज उघडण्यापूर्वीच ठरलेलं. निदान तसं असावं अशी अपेक्षा असते. लग्न झालंय का, मुलं किती, यजमान काय करतात, असले प्रश्न तिथे विचारता येत नाहीत. आपल्याकडच्या मुलाखती दिलेल्या बायकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

शेवटी तीन-चार जणांना विद्यापीठात बोलावतात, एक-दोन दिवसांसाठी. अधिष्ठात्यांची भेट, विभागप्रमुखांची भेट, विद्यार्थ्यांबरोबर जेवण, आणि मुख्य म्हणजे नमुना तास. शक्य असेल तिथे तो चालू वर्गात, खऱ्या विद्यार्थ्यांसमोर घेतात. विषय आधी कळवतात. खगोलशास्त्राच्या पदासाठी तो बरेचदा चंद्रकलांचा असतो. विषय पोरकट वाटतो, म्हणूनच देतात. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं मानणारे जगभर आहेत, आणि त्यांत पदवीधर भरपूर. ऋतूंचंही तसंच. 1987च्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी झगे घातलेल्या मंडळींना ऋतू का होतात हे विचारलं होतं. बहुतेकांनी उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून सांगितलं.

पहिला उमेदवार येतो. पडद्यावर सुरेख चित्र: मधे पृथ्वी, भोवती आठ चंद्र, उजवीकडून सूर्यप्रकाश. तो स्पष्ट बोलतो, दोन विनोद करतो, शेवटी 'समजलं?' विचारतो. मुलं माना डोलावतात. मागे बसलेल्या परीक्षकाने जाताना एखाद्या मुलीला सहज विचारलं की अष्टमीच्या चंद्राचा उरलेला अर्धा भाग का दिसत नाही, तर ती उत्तर देते, 'सावली.'

दुसरी उमेदवार चित्र दाखवतच नाही. ती विचारते: सूर्य नुकताच मावळलाय, अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर आहे, तो मावळेल कधी? आता लगेच, मध्यरात्रीच्या सुमारास, पहाटे तीनला की सूर्योदयाला? मुलं क्लिकरवर, म्हणजे हातातल्या छोट्या यंत्राचं बटण दाबून, मत नोंदवतात. मतं चारी पर्यायांत विखुरतात. ती बरोबर उत्तर सांगत नाही. शेजाऱ्याला पटवा म्हणते. गलका होतो. कुणी हात पसरून पृथ्वी फिरवून दाखवतं, कुणी डोकं हीच पृथ्वी धरून गिरकी घेतं. दुसऱ्यांदा मतं घेतल्यावर बहुतेक मध्यरात्रीकडे वळतात. मग ती एकाला उठवून कारण विचारते आणि ते फळ्यावर तशाच तोडक्यामोडक्या शब्दांत लिहिते. शेवटी एकच प्रश्न: हाच अर्धा चंद्र दुपारी सूर्यासोबत आकाशात दिसतो, तेव्हा पृथ्वीची सावली कोणत्या बाजूला पडलेली असते? सावली तर नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला. ती चंद्राला गाठते ती चंद्रग्रहणाला, म्हणजे पौर्णिमेलाच.

या तासाची कारागिरी प्रश्नाच्या निवडीत आहे. सावलीच्या समजुतीवरून या प्रश्नाचं उत्तर काढताच येत नाही. मनात सूर्य, पृथ्वी आणि चंद्र मांडावेच लागतात. शिवाय चुकीचा प्रत्येक पर्याय एकेका गैरसमजाचा असतो, त्यामुळे मतांचे आकडे पाहूनच कोण कुठे अडलंय हे कळतं. समितीतला जाणकार हेच टिपून घेतो. आवाज, अक्षर, उच्चार यांना गुण असतात, पण थोडे.

आपल्या घरांत तर हा धडा आयता टांगलेला आहे. संकष्टीला उपास सोडायचा म्हणून लाखो माणसं कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ पाहतात. ती रात्री नऊच्या आसपास असते, संध्याकाळी सहाला कधीच नसते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो, चतुर्थीपर्यंत तो उशीर तीन तासांवर जातो. कॅलेंडरात नागपूरची वेळ मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटं आधीची छापलेली असते, कारण नागपूर सव्वासहा अंश पूर्वेला आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकतोय आणि खगोलशास्त्राचा तास मात्र फळ्यावरच्या आठ चंद्रांनी सुरू होतो. परदेशी नमुना तासाला जाणाऱ्या मराठी उमेदवाराने हे उदाहरण न्यायला हरकत नाही. भूक लागलेल्या माणसाने चंद्राची वाट पाहायची, ही कल्पना कुठल्याही वर्गात चालेल.

नमुना तासातही फसगत होते. पाहुणा आला म्हणून मुलं एरवीपेक्षा सरळ बसतात. काही विभाग विद्यार्थ्यांऐवजी प्राध्यापकांनाच बाकांवर बसवतात आणि 'पहिल्या वर्षाचे आहोत असं समजा' म्हणतात. हा प्रकार हास्यास्पद आहे. तीस वर्षं विद्युतचुंबकत्व शिकवलेल्या माणसाला पहिल्या वर्षाच्या मुलासारखं चुकता येत नाही, आणि चूक झालीच नाही तर उमेदवार ती कशी हाताळतो हे दिसणार कुठून?

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचं काय करायचं, यावर बराच काथ्याकूट झाला आहे. वर्षानुवर्षं या अभिप्रायांतले आकडे म्हणजे शिकवण्याचं मोजमाप असं धरलं जाई, पण पुढे त्यावर शंका येऊ लागली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक स्त्री अध्यापक होते. प्रत्येकाने एका गटाला आपली खरी ओळख दिली आणि दुसऱ्या गटाला आपल्या सहकाऱ्याची. अध्यापक पुरुष आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांनी जास्त गुण दिले, मग प्रत्यक्षात शिकवणारं कोणीही असो. या प्रयोगावरचा निबंध 2015चा. प्रयोग छोटा होता, पण त्याने अनेकांना कान टवकारायला लावले. कॅनडात 2018मध्ये टोरोंटोच्या रायरसन विद्यापीठाच्या वादात लवादाने निर्णय दिला की कायम करताना किंवा बढती देताना शिकवण्याची परिणामकारकता मोजायला हे अभिप्राय वापरू नयेत. (या विद्यापीठाचं नाव आता टोरोंटो मेट्रोपॉलिटन.) त्यात भर पडली हार्वर्डमधल्या 2019च्या प्रयोगाची, पुन्हा डेस्लोरिए यांच्याच. प्रश्न-चर्चा चालणाऱ्या सक्रिय वर्गातली मुलं चाचणीत पुढे होती, पण 'आपण कमी शिकलो' असं तीच सांगत होती. डोक्याला ताण पडला की शिकणं जमत नाहीये असं वाटतं, आणि गुळगुळीत व्याख्यान ऐकलं की सगळं कळल्याचा भास होतो. म्हणजे अभिप्रायांवर निवड केली तर भास उत्तम निर्माण करणारा निवडला जाण्याची शक्यता अधिक. सुज्ञ समित्या आता आकडे बाजूला ठेवून एवढंच पाहतात की टीका वाचून या माणसाने पुढच्या वर्षी काय बदललं.

नेमणूक झाल्यावरचं काम वर्गापुरतं नसतं. प्रयोगशाळा सहसा याच माणसाकडे येतात. तिथेही झोप उडवणारे निष्कर्ष आहेत. कॉर्नेलच्या नताशा होम्स, वीमन आणि सहकाऱ्यांनी तीन संस्थांतले नऊ अभ्यासक्रम तपासले तेव्हा असं दिसलं की व्याख्यानातला मजकूर पक्का करण्यासाठी घेतलेल्या प्रयोगांचा परीक्षेतल्या कामगिरीवर मोजता येईल असा फायदा झालाच नाही. म्हणून ठरलेल्या पायऱ्यांनी ठरलेलं उत्तर काढायचे प्रयोग बदलायचे, शिकवणी घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तयार करायचं, दुर्बिणींच्या रात्री लावायच्या, विभागातल्या संशोधक सहकाऱ्यांना त्यांच्या नकळत वळण लावायचं, अशी कामं याच माणसाकडे येतात. यूबीसीत याला 'शैक्षणिक नेतृत्व' म्हणतात आणि बढतीसाठी ते वेगळं तपासतात. हाच या पदाचा सर्वांत कठीण भाग. ज्या सहकाऱ्यांच्या मते तुम्ही दुसऱ्या पंगतीचे, त्यांनाच शिकवायला शिकवायचं.

आणि दुसऱ्या पंगतीची भावना खरी आहे. टोरोंटोत संशोधक प्राध्यापकाला टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, मिळतं, टीचिंग स्ट्रीममधल्याला 'कंटिन्युइंग स्टेटस'. नोकरीची शाश्वती जवळपास तीच, शब्द मात्र वेगळा राखलेला. शिकवणं एका वर्गाकडे सोपवलं की उरलेले मोकळे होतात, हा या पदावरचा आक्षेपही वजनदार आहे. तरी माझं मत या पदाच्या बाजूने पडतं. शिकवणारा कायम असला, चार वर्षं तोच अभ्यासक्रम घासूनपुसून सुधारू शकला, तर वर्ग सुधारतो. दर सत्राला बदलणाऱ्या कंत्राटी माणसाकडून ती अपेक्षा ठेवण्याचा हक्क विद्यापीठाने गमावलेला असतो.

आपल्याकडे असं स्वतंत्र पद नाही. सहायक प्राध्यापकाला साधारणपणे नेट किंवा सेट लागते (महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं). या परीक्षेत विषय तपासतात, शिकवणं नाही. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत उमेदवाराची अध्यापनक्षमता वर्गातल्या व्याख्यानातून तपासता येईल अशी तरतूद आहे. 'तपासता येईल', 'तपासावी' नव्हे, त्यामुळे ती कागदावर राहते. संशोधनाची बाजू तेवढी लंगडी नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974पासून मुंबईत आहे आणि विज्ञान शिक्षणात तिथे डॉक्टरेट करता येते. मुलं कुठे चुकतात याचं ज्ञान मानखुर्दच्या या केंद्रात जमा होतं आणि प्राध्यापकाची मुलाखत तिथून तासाभराच्या अंतरावर त्या ज्ञानाचा वाराही न लागता होते. खऱ्या वर्गात वीस मिनिटांचा नमुना तास घ्यायला ना पैसा लागतो, ना शासन निर्णय. महाविद्यालयांनी एवढं तरी सुरू करावं.

परदेशी अर्ज करू पाहणाऱ्या मराठी तरुणांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कॅनडाच्या जाहिरातीत कॅनेडियन नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांना प्राधान्य, असं वाक्य असतं. तरीही परदेशी उमेदवार निवडले जातात, पण ते वाक्य शोभेचं नाही. अमेरिकेतली विद्यापीठं एच-1बीच्या वार्षिक सोडतीतून वगळलेली आहेत. बाकी व्हिसाचे नियम सारखे बदलतात, अर्जाच्या वेळी ताजे पाहावेत. मुदती बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबर, भेटी जानेवारी ते मार्च, आणि कॅनडात रुजू होण्याची नेहमीची तारीख 1 जुलै. तुम्ही सध्या सीएचबीवर शिकवत असाल तर तो अनुभव लपवू नका, पण 'चार वर्षांचा अनुभव' एवढंच लिहून थांबू नका. जुन्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या चुकांची टिपणं, बदललेले प्रयोग आजपासून तारखेनिशी जपून ठेवा. आणि ज्यांच्याकडून शिफारसपत्र घ्यायचं आहे त्यांच्यापैकी एकाला तरी याच सत्रात तुमच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायला सांगा.